ओठ : आरोग्याचे आणि वाणीचे द्वार

बीड जिल्ह्याच्या पूर्व भागात, लातूर जिल्ह्याच्या सीमेजवळ, धर्मापुरी हे गाव आहे. तेथील केदारेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर त्यावरील सुरसुंदरींच्या शिल्पांमुळे मूर्तिकलेच्या अभ्यासकांना परिचित आहे. अशा शिल्पांचे वर्णन करताना डोळ्यांना कमळाची आणि ओठांना बिंबफळाची उपमा देण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. बिंबफळ म्हणजे दुसरेतिसरे काही नसून परसातील वेलीवर पिकून लाल झालेले तोंडले होय. कवी आणि शिल्पी यांनी ओठांचे कौतुक केले ते रूपाचा अलंकार म्हणून. त्याचा एक परिणाम असा झाला की, ओठाला काही व्यंग वा विकार जडला तर आजही घरातील माणसे तो दिसण्याचा प्रश्न मानतात. मुलगा असेल तर ‘चालून जाईल’ आणि मुलगी असेल तर ‘लग्न कसे होईल’, एवढ्यावर विचार थांबतो. त्या ओठाने दूध ओढायचे असते, घास तोंडात राखायचा असतो, अक्षरे उच्चारायची असतात, हा विचार मागे पडतो आणि मग उपचारालाही उशीर होतो.

लोकभाषेने मात्र ओठांचे काम अचूक ओळखले आहे. अननुभवी तरुणाला ‘अजून ओठावरचे दूध वाळले नाही’ असे आपण म्हणतो आणि दुटप्पी माणसाचे वर्णन ‘ओठात एक, पोटात एक’ असे करतो. पहिल्या म्हणण्यात पोषण आहे, दुसऱ्यात संभाषण आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

ओठांची रचना

दोन्ही ओठांच्या आतून एक वलयाकार स्नायू जातो. थैलीचे तोंड नाडीने आवळावे त्याप्रमाणे तो मुख मिटतो. गालांकडून आणि हनुवटीकडून येणारे अनेक लहान स्नायू त्याला येऊन मिळतात आणि ओठ वर, खाली वा बाजूला ओढतात. हसणे, फुंकणे, शीळ घालणे, चोखणे या क्रिया या स्नायूंच्या मेळातून घडतात. तुतारी आणि शिंग या आपल्या वाद्यांत तर नाद उत्पन्न होतो तोच मुळी वादकाच्या ओठांच्या कंपनातून. पुढची धातूची नळी त्या नादाला केवळ मोठा करते.

ओठांचा लाल भाग हा त्वचा आणि तोंडाच्या आतील अस्तर यांच्या सीमेवरचा प्रदेश आहे. तेथील आवरण पातळ असल्यामुळे खालच्या रक्तवाहिन्यांचा रंग वर दिसतो. त्या भागाला घामाच्या ग्रंथी नाहीत आणि तेलाच्या ग्रंथीही नाहीतच म्हटल्या तरी चालेल. म्हणून हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात आणि वैशाखातील उन्हात ओठ आधी फुटतात. फुटलेले ओठ वारंवार जिभेने ओले करण्याची सवय मुलांना असते. लाळ वाळताना ओठांतील उरलासुरला ओलावाही घेऊन जाते आणि चिरा वाढतात. थोडे तूप किंवा साधे व्हॅसलीन लावणे हा यावरचा पुरेसा उपाय होय.

ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडून त्या लवकर भरत नसतील, तर मात्र प्रश्न निव्वळ थंडीचा नसतो. रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्व किंवा लोह यांची शरीरातील उणीव तेथे प्रकट होत असण्याचा संभव असतो. दूध, ताक, पालेभाज्या, अंडी व मोड आलेली कडधान्ये आहारात येणे अशा वेळी आवश्यक असते. खालचा ओठ हलकेच खाली ओढून आतील बाजूचा फिकेपणा पाहिल्यास रक्तक्षयाचा अंदाज येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील १५ ते ४९ या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, हे लक्षात घेता ही साधी पाहणी अंगणवाडीच्या उंबरठ्यावरही उपयोगी आहे. धाप लागलेल्या बालकाचे ओठ निळसर दिसू लागले तर रक्ताला प्राणवायू कमी पडत आहे असे समजावे. तेथे घरगुती औषधात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

आणखी एक खूण प्रत्येक पंचायत सदस्याला ठाऊक असावयास हवी. प्रौढ माणसाचा ओठ अचानक एका बाजूला ओढला जाऊन बोलणे जड झाले की खेड्यात ‘वारे गेले’ असे म्हणतात आणि मालीशवाल्याकडे नेतात. पुष्कळदा तो मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचा परिणाम असतो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते आणि तेही मेंदूचे छायाचित्र काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात. लक्षण केव्हा सुरू झाले ती वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवणे, हे त्या प्रसंगी शेजाऱ्याने करावयाचे सर्वांत मोलाचे काम आहे.

खालच्या ओठामागची खोबण

चिमूटभर तंबाखूला चुना लावून ती तळहातावर मळायची आणि खालचा ओठ व हिरडी यांच्यामधील खोबणीत ठेवून द्यायची, यालाच आपल्याकडे ‘बार भरणे’ म्हणतात. चंचीतून डबी निघते, डबी हातोहात फिरते. बैठक ग्रामपंचायतीची असो की पारावरची. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करीत होते, तर धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे २४.४ टक्के होते. अर्थात या राज्यात तंबाखूचे मुख्य ठाणे फुप्फुस नसून तोंड आहे. मिश्री घासणाऱ्या स्त्रिया तर आपण तंबाखू खातो असे मानतच नाहीत. त्यांच्या लेखी ती दात घासण्याची वस्तू असते.

चुन्याने अस्तर भाजते आणि तंबाखूतील कर्करोगजनक द्रव्ये त्या भाजलेल्या जागेतून आत शिरतात. बार रोज एकाच जागी ठेवला जात असल्याने आधी तेथे पांढरा वा लाल चट्टा उमटतो. तो दुखत नाही, हीच त्यातील फसवी गोष्ट आहे. ओठात, गालात किंवा जिभेवर पंधरा दिवसांत न भरणारी जखम वा असा चट्टा दिसल्यास दंतवैद्याला दाखविणे अगत्याचे आहे. सुपारीचा परिणाम निराळा होतो. तिच्या दीर्घ सेवनाने तोंडाचे अस्तर ताठर व दोरीसारखे होत जाते आणि मुख हळूहळू आक्रसते. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन करून त्याला दिलेले नाव आजही वैद्यकात रूढ आहे. त्याची परीक्षा करण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये गेली पाहिजेत. ती जात नसतील, शीळ वाजेनाशी झाली असेल, तिखट सोसत नसेल, तर तपासणी करून घ्यावी.

राज्यात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या केंद्रीय अधिनियमाने मनाई आहे. हे अंतर मोजण्याचे काम कोणी तज्ज्ञाने येऊन करावे असे नाही. शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंत चालत जाऊन मुख्याध्यापक ते करू शकतात. मराठवाड्याला लागून असलेल्या बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. बार्शीबरोबरच परांडा व भूम या तालुक्यांचाही तिच्यात समावेश आहे. देशातील ग्रामीण भागातली ही पहिली नोंदवही. खेड्यापाड्यांत कर्करोग किती आणि कोणत्या अवयवाचा, हे निव्वळ तर्काने नव्हे तर गावोगाव जाऊन नोंदण्याचा पायंडा तिने घातला.

अक्षरांचे जन्मस्थान

आपल्या पूर्वजांनी वर्णमालेची मांडणी केली ती उच्चारस्थानांच्या क्रमाने. कंठापासून निघालेला क-वर्गाचा प्रवास तालू, मूर्धा व दंत असा पुढे येत प-वर्गापाशी ओठांवर संपतो. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. त्यांत दात व ओठ यांच्या साहाय्याने होणारा व मिळवावा. उ, ऊ, ओ, औ या स्वरांनाही ओठांचा गोलावा लागतो. भाकरी, पाणी, बाजरी, आंबा, पाऊस, बैल, भाऊ : खेड्यातल्या दिवसाचा किती व्यवहार या दोन पाकळ्यांवर चालतो, ते पाहण्यासारखे आहे.

वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. आरशासमोर ‘आई, ताई, दादा, काका, आजी’ असे म्हणावे. ओठ एकदाही एकमेकांना लागत नाहीत. आता ‘बाबा, मामा, मामी, भाऊ’ असे म्हणावे. प्रत्येक शब्दात ओठ मिटतात. ‘बाबा’ आणि ‘मामा’ या दोन हाकांत ओठांची हालचाल अगदी एक आहे. फरक आहे तो पडद्याआड. ‘म’ म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग खाली राहतो आणि श्वास नाकातून जातो. ‘ब’ म्हणताना तो भाग उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, श्वास मिटलेल्या ओठांमागे क्षणभर साठतो आणि ओठ उघडताच सुटतो. ज्या मुलाची टाळू दुभंगलेली आहे त्याला ही वाट बंद करता येत नाही. ते कितीही प्रयत्नाने ‘बाबा’ म्हणाले तरी कानावर ‘मामा’ असेच काहीसे पडते. घरात हसू होते, शाळेत चेष्टा होते आणि मूल बोलणेच कमी करते. त्याच्या बुद्धीत काही उणे आहे असा समज मग आपोआप पसरतो.

येथे एका शब्दाविषयी सावध राहिले पाहिजे. घरगुती मराठीत ‘टाळू’ म्हणजे तान्ह्या मुलाच्या डोक्यावरची मऊ जागा. तीवर आजी तेल भरते. वैद्यकातील टाळू म्हणजे तोंडाचे छत. ‘टाळूचे ऑपरेशन करावे लागेल’ एवढेच सांगून कर्मचारी निघून गेला, तर मुलाचे डोके उघडणार या कल्पनेने माता भयभीत झाल्यास तिला दोष देता येणार नाही. ‘तोंडातले छत’ असे म्हणून बोट दाखवून सांगावे.

दुभंगलेला ओठ

जगात सुमारे सातशे जन्मांमागे एक मूल ओठ वा टाळू दुभंगलेले असे जन्मते. गर्भाचा चेहरा निरनिराळ्या बाजूंनी येणारे उंचवटे मध्ये जुळून तयार होतो. वरच्या ओठाची जुळणी गर्भधारणेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात पूर्ण होते आणि टाळूची त्यानंतरच्या काही आठवड्यांत. जुळणी अपुरी राहिली की फट राहते. आनुवंशिकता, मातेच्या आहारातील फॉलिक आम्लाची उणीव, गरोदरपणातील तंबाखूचे सेवन, मधुमेह, फेपऱ्यावरील काही औषधे अशी अनेक कारणे यामागे एकत्र येतात आणि कित्येकदा एकही कारण बोट ठेवून दाखविता येत नाही.

ग्रहणात भाजी चिरली म्हणून मुलाचा ओठ चिरला, ही समजूत मात्र अद्याप सर्वदूर आहे. तिचा निवाडा करण्यास आठवड्यांचे वरील गणित पुरेसे आहे. सातव्या आठवड्यात ओठ जुळून पूर्ण होतो. त्या वेळी पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची खात्रीही झालेली नसते. पाचव्या किंवा सातव्या महिन्यातील ग्रहण, विळी आणि भाजी यांचा त्या ओठाशी संबंध पोहोचूच शकत नाही. या समजुतीचे खरे नुकसान असे की, ती दोष मातेच्या माथी मारते. आपल्याच चुकीने हे घडले असे मानणारी स्त्री मूल पदराआड लपविते आणि लपविलेल्या मुलाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

पहिले संकट दुधाचे असते. केवळ ओठ दुभंगला असेल तर बहुतेक बालके अंगावर पिऊ शकतात. फटीची बाजू स्तनाने वा मातेच्या अंगठ्याने झाकली जाते. टाळूही दुभंगली असेल तर तोंडात ओढ निर्माण होत नाही, मूल चोखत राहते, दमते आणि उपाशीच झोपते. दूध नाकातून बाहेर येते. अशा वेळी आईचे दूध काढून ते वाटी-चमच्याने किंवा आपल्या घरोघरी असे त्या बोंडल्याने, भांडे उकळून घेऊन, थोडे थोडे पाजावे. बालकाला आडवे न ठेवता बसते धरावे आणि मधूनमधून ढेकर काढावी. आठवड्याला वजन करावे. वजन वाढले नाही तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. कारण भूल देण्यापूर्वी शल्यचिकित्सक वय, वजन आणि रक्तातील हिमोग्लोबिन ही तिन्ही पाहतात. दहा आठवडे, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो आणि दहा ग्रॅम, असा एक जुना ठोकताळा त्यासाठी आहे.

ही विद्या आपल्या देशाला अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, तुटलेला कान व नाक जोडण्याचा विधी सांगितल्यानंतर ओठाचाही उल्लेख येतो. नाकाप्रमाणेच, परंतु नळ्या न घालता, तो जोडावा असे तेथे म्हटले आहे. पुण्यात १७९३ च्या सुमारास कावसजी नावाच्या गाडीवानाच्या कापलेल्या नाकावर देशी कारागिराने कपाळाची त्वचा वळवून नवे नाक बसविले. त्याचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने चित्रासह छापला आणि युरोपातील शल्यचिकित्सकांना त्यातून नवी दिशा मिळाली. ओठाच्या शस्त्रक्रियेची आज सर्वत्र चालणारी मुख्य पद्धती मात्र अमेरिकी शल्यविशारद राल्फ मिलार्ड यांनी १९५० च्या दशकात बसविली. ओठाचे तुकडे नुसते शिवून टाकण्याऐवजी ते वळवून व पुढे सरकवून आतील वलयाकार स्नायू पुन्हा अखंड करणे, हे तिचे मर्म आहे. स्नायू जुळला नाही तर वरची कातडी जुळूनही ओठ नीट मिटत नाही.

पथक येते आणि बिऱ्हाड जाते

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये याच राज्यात, पालघर येथे झाला. दुभंगलेले ओठ व टाळू ही त्यातील तपासावयाच्या जन्मजात व्यंगांपैकी एक बाब आहे. प्रसूतीच्या ठिकाणी आणि नंतर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीत नवजात बालकाची पाहणी व्हावी, फिरत्या वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत वर्षातून एकदा यावे, आढळलेल्या मुलाला पुढील उपचारासाठी पाठवावे, अशी ही योजना आहे. स्माइल ट्रेन या १९९९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या साहाय्यानेही अशा शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. लातूर येथे प्लास्टिक सर्जन डॉ. विठ्ठल लहाने यांनी हे कार्य दीर्घकाळ चालविले आहे. धर्मापुरी परिसराला लातूर फार दूर नाही. अंबाजोगाईला तर स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आहे. तेव्हा अडचण साधनांची फारशी उरलेली नाही. ती आहे पंचांगाची.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी काही लाख माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात. पतिपत्नी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. तेव्हा न जाण्याचा पर्याय त्यांना नसतो. तान्हे मूल अर्थातच बरोबर जाते. फडाच्या बांधावर झोळी आणि रात्री कोपी, असे त्याचे पाच-सहा महिने जातात. आता श्रावणात जन्मलेल्या, ओठ व टाळू दोन्ही दुभंगलेल्या बालकाचा हिशोब मांडून पाहू. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात. हे मूल कार्तिकात तीन महिन्यांचे होते, आणि त्याच आठवड्यात ट्रॅक्टर निघतो. अंगणवाडीत पथक येते तेव्हा मूल सांगली वा कोल्हापूरकडे असते. चैत्रात बिऱ्हाड परतते तेव्हा ते आठ महिन्यांचे झालेले असते. ओठाला झालेला एवढा उशीर वैद्यकीयदृष्ट्या भरून काढता येतो. पण टाळूचे तसे नाही. ती नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, शब्द फुटण्याच्या सुमारास, मिटली पाहिजे. त्या मुलाला मिळणारा अवकाश म्हणजे चैत्र ते आश्विन एवढाच. हे सहा महिने ‘आधी ओठ तरी होऊ द्या’ म्हणून निघून गेले की पुन्हा गाडी निघते आणि पुढच्या चैत्रात मूल वीस महिन्यांचे असते. तोवर नाकातून बोलण्याची घडी बसू लागलेली असते.

या हिशोबावरून गावपातळीवरील कामाचा क्रम ठरतो. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका आणि ग्रामसेवक यांनी दसऱ्यापूर्वी एकत्र बसून तोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील दोन वर्षांखालील बालकांची यादी करावी आणि अशा मुलाच्या नावापुढे ओठाची व टाळूची अपेक्षित तारीख निरनिराळी लिहावी. संदर्भ चिठ्ठीची प्रत मातेच्या हाती द्यावी. ती मुकादमाजवळ वा कपाटात ठेवू नये. कार्यक्रम साऱ्या राज्यात चालतो; त्यामुळे कारखान्याच्या परिसरातील ग्रामीण रुग्णालयातही तिचा उपयोग होतो. घरात दोघांपैकी एकाने शस्त्रक्रियेपुरते मागे राहावयाचे ठरले, तर मुकादमाशी बोलणी करण्यास सरपंचाचा शब्द उपयोगी पडतो. माझ्या मते या विषयात सरपंचाचे सर्वांत मोठे काम हेच आहे. शिबिराचे उद्‌घाटन त्यानंतरचे.

शिक्षकांच्या वर्गात

टाळू दुभंगलेल्या मुलांच्या मध्यकर्णात पाणी साचण्याचे प्रमाण मोठे असते आणि त्यांना कमी ऐकू येते. अशा व अन्य श्रवणदोष असलेल्या मुलांना बोलणाऱ्याच्या ओठांचा मोठा आधार असतो. वास्तविक तो आपणा सर्वांनाच असतो. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘बा’ हा ध्वनी ऐकवून ‘गा’ म्हणणारे ओठ दाखविले, तेव्हा पाहणाऱ्यांना ‘दा’ ऐकू आले. डोळे मिटताच पुन्हा ‘बा’. आपण ओठांनीही ऐकतो, हे त्यावरून सिद्ध झाले. २०२० मध्ये साथीच्या काळात सर्वांच्या तोंडावर मुखपट्ट्या आल्या, तेव्हा कर्णबधिर विद्यार्थ्यांची झालेली कोंडी अनेक शिक्षकांनी पाहिली असेल.

ओठवाचनालाही मर्यादा आहेत. पान, भान आणि मान हे तीन शब्द ओठांवर एकसारखे दिसतात. क, ग, ह तर दिसतच नाहीत. म्हणून शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलू नये, हजेरीपट तोंडासमोर धरू नये, खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण मागून येणाऱ्या उजेडात चेहरा काळवंडतो. मुलाला पुढच्या बाकावर बसवावे आणि न समजलेले वाक्य तेच ते मोठ्याने न ओरडता दुसऱ्या शब्दांत सांगावे. श्रवण व वाणी यांच्या तपासणीचे व प्रशिक्षणाचे काम मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून करीत आहे.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे वाणी आपोआप शुद्ध होते असे नाही. छत मिटलेले असते, पण जिभेला व श्वासाला जुनीच वाट पाठ असते. पूर्वी अशा मुलांना भिरभिरे फुंकणे, साबणाचे फुगे सोडणे असे व्यायाम देत. त्याने फुंकणे सुधारते, बोलणे नव्हे, असे वाक्‌चिकित्सक आता सांगतात. वर्णांचाच सराव करावा लागतो. मुलाच्या नाकाखाली लहानसा आरसा धरून ‘पापा’ म्हणावयास सांगावे. आरशावर वाफ धरली तर श्वास अजून नाकातून निसटत आहे. मग नाकपुड्या बोटांनी हलकेच मिटून तोच शब्द म्हणवून घ्यावा, म्हणजे श्वास ओठांपर्यंत कसा येतो याची मुलाला जाणीव होते. नंतर बोटे काढून पुन्हा. आधी ‘प’, मग ‘ब’, मग ‘पाणी’, ‘बाजरी’, ‘आजोबा’. रोज दहा मिनिटे, मधल्या सुटीत, इतर मुलांच्या दृष्टीआड. वाक्‌चिकित्सकाकडे महिन्यातून एकदा जाणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी हा सराव शिक्षकच करवून घेऊ शकतात. कुटुंब तोडीला निघाले तर शब्दांचा कागद पालकांबरोबर द्यावा. आई वाचू शकत नसेल तर कागदावर चित्रे काढावीत : बैल, भाकरी, पोपट, आंबा.